सरहद्दीवरची ऐरण

ग्रेटना ग्रीन हे स्कॉटलंडच्या दक्षिण हद्दीवरचं लहानसं गाव, इंग्लंडमधल्या कार्लाइल शहरापासून सुमारे 15 किलोमीटरवर. वाटेत सार्क नावाची छोटी नदी लागते. ती ओलांडली की कायदा बदलतो, आणि या गावाचा सगळा इतिहास त्या बदलावर उभा आहे.

1754 मध्ये इंग्लंडात लॉर्ड हार्डविक यांचा विवाह कायदा लागू झाला. 21 वर्षांखालच्या मुलामुलींचं लग्न बापाला अडवता येऊ लागलं. स्कॉटलंडमध्ये मात्र दोन साक्षीदारांदेखत ‘आम्ही नवरा-बायको’ म्हटलं की लग्न लागे. मुलगा 14 वर्षांचा आणि मुलगी 12 वर्षांची असली तरी चाले. लंडनहून पाचशे किलोमीटर घोडागाडी पिटाळत जोडपी यायची. सरहद्दीपलीकडचं पहिलं गाव हेच. लग्न लावायला पाद्री लागत नसे, म्हणून लोहाराच्या दुकानातही लग्नं लागू लागली. ऐरणीवर हातोड्याचा ठोका पडला की नवरा-बायको! मागून बाप येऊन पोचायच्या आत सगळं उरकलेलं असायचं.

या पळून जाण्याचं आपण कौतुक करतो, आणि ते अगदी चुकीचं नाही. घराण्याची इस्टेट सांभाळण्यासाठी मुलीचा जन्म बांधून टाकणाऱ्या समाजात तो ठोका म्हणजे सुटका होती. पण 1826 साली एडवर्ड गिबन वेकफील्ड याने एलन टर्नर या पंधरा वर्षांच्या श्रीमंत मुलीला, आई आजारी असल्याचा खोटा निरोप धाडून, शाळेतून बाहेर काढलं. तुझ्या वडिलांचं दिवाळं वाजलंय, लग्न केलंस तरच ते वाचतील, अशी थाप मारून त्याने तिला ग्रेटनाला नेलं. ऐरणीच्या गावाने हेही लग्न लावून दिलं. पुढे वेकफील्डला तीन वर्षांची कैद झाली आणि पार्लमेंटला ते लग्न खास कायदा करून रद्द करावं लागलं.

इंग्लंडचा कायदा बापाला विचारत होता. ग्रेटना फक्त तोंडचे शब्द ऐकत होतं. ते शब्द मुलीच्या मनातून आले की धाकाने, याची चौकशी दोन्हीकडे झाली नाही. मला दोन्ही कायद्यांचा मोठा दोष हाच वाटतो.

1856 मध्ये 21 दिवसांच्या वास्तव्याची अट आली, 1940 मध्ये ऐरणीवरची लग्नं कायद्याने बंद झाली. तरी नदीने राखलेला फरक पुरता मिटलेला नाही. 2023 पासून इंग्लंडात लग्नाचं किमान वय 18 आहे. सार्क ओलांडली की ते आजही 16 आहे, आणि तिथे आईबापांची संमती लागत नाही.