भरवसा आणि बांध

‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपण आळशी माणसाच्या थट्टेसाठी वापरतो. पण तिच्यातला प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. देवावर भार टाकल्यावर माणसाने करायचे काय उरते?

पेणच्या खारेपाटात नि रोह्याकडे कुंडलिकेच्या खाडीकाठी या प्रश्नाचे उत्तर मातीत सापडते. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये असतो एक मातीचा बांध. उधाणाने त्याला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते. एका रात्रीत आलेले ते मीठ धुऊन निघायला मात्र कित्येक पावसाळे लागतात. म्हणून इथला शेतकरी देवाला हात जोडतो आणि त्याच हातांनी बांधावर चिखल लिंपतो. देव आहे म्हणून तो बांध उघडा टाकीत नाही, आणि बांध घातला म्हणून समुद्र मुठीत आला असेही मानीत नाही.

एवढे करूनही बांध फुटतो. मग देवाने काय केले? या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नाही. ज्याचे शेत बुडाले त्याला ‘भरवसा ठेव’ म्हणून सांगणे पोट भरलेल्या माणसाला फार सोपे असते. तो उपदेश करण्याचा अधिकार त्यालाच, जो चिखलाची पाटी डोक्यावर घेऊन त्या खांडीपाशी येतो.

याच पेण तालुक्यातल्या गागोदे गावी १८९५ साली विनोबा जन्मले. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. देश स्वतंत्र केव्हा होईल, ते कुणालाच ठाऊक नव्हते. हाती होता तो फक्त येणारा रविवार. दर रविवारी त्यांनी सोबतच्या बंदिवानांना गीतेचा एकेक अध्याय सांगितला. साने गुरुजींनी तो टिपून घेतला. अठरा रविवारांत ‘गीता प्रवचने’ पुरी झाली. तुरुंगातले दिवस त्यांनी सुटकेची वाट पाहण्यात घालवले असते, तर ते खरोखरच वाया गेले असते.

भरवसा म्हणजे उद्याची हमी नव्हे. उद्याच्या भयाने आजचे काम अर्धे सोडायचे नाही, एवढेच बळ तो देतो.

आज घरोघर पोह्यांच्या बश्या भरतील. त्या पोह्यांमागे कुणीतरी, पीक हाती येईल की नाही हे ठाऊक नसताना, बांधावर टाकलेली चिखलाची पाटी आहे. पहिला घास घेताना तिची आठवण असू द्यावी.