निवडणुकीची उचल

आपल्या बीड जिल्ह्यात 'उचल' म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात मुकादमाकडून पैसे घ्यायचे, दसरा-दिवाळीला बिऱ्हाड उचलून कारखान्यावर जायचे आणि उन्हाळा लागेपर्यंत ऊस तोडून ते फेडायचे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसांची मोजणी हत्याराने होते, यावरूनच या व्यवहाराची जात कळावी. आमच्या शाळेतील निम्मे बाक दिवाळीनंतर रिकामे होतात, ते याच उचलीपायी.

राजकारणातही उचल असते. तिथे तिला देणगी म्हणतात. विधानसभेच्या उमेदवाराला कायद्याने ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो, आणि पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. हा पैसा कारखानदार, कंत्राटदार, बांधकामवाले देतात. देणारा म्हणतो, मी राजीखुशीने दिले. घेणारा म्हणतो, मी कोणाच्या घरावर दरोडा घातला नाही. दोघेही राजी असताना यात दुराचार कोणता? चांगली शिकलेली माणसे हा प्रश्न विचारतात, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही.

महाराष्ट्राने याचे उत्तर एकदा न्यायालयात ऐकले आहे. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान या न्यासाला बिल्डरांनी देणग्या दिल्या आणि त्यांना सिमेंट मिळाले. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी व सिमेंट यांचा संबंध असल्याचा निर्णय दिला; अंतुल्यांना खुर्ची सोडावी लागली. साखर कारखान्यांकडूनही त्या न्यासासाठी पैसा घेतल्याचा आरोप तेव्हा झाला होता. आणि न्यासाचा हेतू काय, तर म्हणे कलावंत-साहित्यिकांना मदत!

अंतुले गेले, रीत राहिली. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला तो सावकारी पाशातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी. सहकार वाढावा म्हणून सरकारने कारखान्यांना भागभांडवल दिले, कर्जाला हमी दिली. पुढे कारखान्याचा अध्यक्ष आमदार झाला, आमदार मंत्री झाला. मागणारा आणि मंजूर करणारा एकाच पंगतीला बसू लागले. ऊसतोडीच्या दराचेच पाहा. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मिळाली, ती शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादामार्फत. वाढ मिळाली याचा आनंदच आहे. पण दोघांचेही साखर धंद्याशी जुने नाते. पंकजाताई तर परळीच्या वैद्यनाथ कारखान्याच्या अध्यक्ष राहिलेल्या. कोयत्याच्या मजुरीचा निवाडा कारखान्याच्या ओसरीवरच का व्हावा?

२०१८ साली निवडणूक रोखे आले. कोणी कोणत्या पक्षाला किती दिले हे मतदाराला कळू नये, अशी ती योजना. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती घटनाबाह्य ठरवली. देणाऱ्याला दान लपवावेसे का वाटले, एवढा एकच प्रश्न विचारला असता तरी पुरे होते.

आता मूळ प्रश्न. आपण रोज म्हणतो ते दुसरे शील चोरीपुरते नाही. जे दिलेले नाही ते घेण्यापासून विरत राहणे, असा त्याचा अर्थ आहे. देणगी घेताना कदाचित ते मोडत नसेल. ते मोडते फेडताना. ऊसतोड कामगार उचल फेडतो ती स्वतःच्या घामाने. त्याच्यावर अन्याय होतो, पण तो कोणाचे हिरावत नाही. आमदार मात्र आपली उचल फेडतो ती तिजोरीतून, गायरानातून, मजुराच्या दरातून. यातले त्याच्या बापाचे काय आहे? आपण त्याला मत दिले, आपली सत्ता पाच वर्षे सांभाळायला दिली. गहाण टाकायला दिली नव्हती. जे दिलेच नाही ते त्याने घेतले.

पाचशेच्या नोटेसाठी मत विकणाऱ्या गरिबाला आपले पुढारी भाषणातून झोडपतात. मत विकणे वाईटच, त्याची तरफदारी मी करणार नाही. पण ती नोट वाटणाऱ्याने स्वतः आधी कोठून तरी उचल घेतलेली असते, हे त्या भाषणात येत नाही.

आणि बंधूंनो, हे आपल्या दारातही आले आहे. निवडणूक जवळ आली की उमेदवार विहाराच्या स्लॅबला पैसे देतो, १४ एप्रिलच्या मिरवणुकीची वर्गणी एकटाच भरतो. आपली मुले म्हणतात, "घ्या की सर, पैसा जनतेचाच आहे; मत कुठे त्याला द्यायचंय?" मग पुढे वस्तीच्या रस्त्याचे, शिष्यवृत्तीचे, गायरानाचे गाऱ्हाणे घेऊन गेलो की तो माणूस आपल्याकडे कसा पाहतो, हे त्या मुलांनी एकदा सोबत येऊन पाहावे. हिशेब तेव्हा निघतो.

माझे म्हणणे सरळ आहे. आमदार निधी हा सरकारी पैसा. तो लेखी अर्ज करून, पोच घेऊन हक्काने मागावा. खिशातला पैसा उमेदवाराचा असो की त्याच्या कंत्राटदाराचा, निवडणुकीच्या वर्षात विहाराने घेऊ नये. बाकी वर्षी जी वर्गणी येईल तिचे नाव व आकडा विहाराच्या दर्शनी भिंतीवर खडूने लिहावा. ज्याला नाव लिहिलेले चालत नाही, त्याचे पैसे परत करावेत. स्लॅब दोन वर्षे उशिरा पडेल. तोवर पत्र्याखाली बसू.