जीभ पोचत नाही तिथे

मांजराचं वय तोंडावर दिसत नाही. तोंड कितीतरी वर्षं पोरकटच राहतं. वय दिसतं ते कमरेवर, शेपटीच्या जरा वर. तिथले केस तेलकट होतात, टोकदार झुपक्यांनी उभे राहतात. बोटाने बाजूला सारले तर मुळाशी कोंडा दिसतो. मान, छाती, पुढचे पाय मात्र अजून लख्ख असतात. जीभ पोचते तिथवर मांजर तरुण असतं.

आमच्या मनीला आता चौदावं चालू आहे. सकाळी गॅलरीत ऊन आलं की ती अंग चाटायला बसते. पंजा ओला करते, कानामागून फिरवते, पुन्हा ओला करते. मग मान पाठीकडे वळवते. वळलेली मान अर्ध्यावर थांबते. थोडा वेळ तशीच राहते. आणि तिकडे जायचंच नव्हतं अशा थाटात ती परत पंजा चाटायला लागते.

हा थाट मांजरांचा खासच. दुखतंय हे त्यांना कळू द्यायचं नसतं. 2002 साली अमेरिकेत बारा वर्षांपुढच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासले गेले, तेव्हा त्यांतल्या 90 मांजरांचे सांधे झिजलेले निघाले. ही मांजरं काही उठता-बसता ओरडत नसतात. ती कपाटावर चढणं सोडून देतात आणि पाठ चाटणं सोडून देतात, एवढंच. आपण म्हणतो, वय झालं, आळशी झाली. कातडीचं दुखणं म्हणून डॉक्टरांकडे नेलेलं मांजर कधी कधी सांध्यांचं औषध घेऊन घरी येतं, ते यामुळे.

उलटही होतं. एखादं मांजर एकच जागा चाटत राहतं, तिथले केस जाऊन गुलाबी कातडी उघडी पडते. पोटाखाली असं झालं तर दुखणं आत मूत्राशयातही असू शकतं. केस निस्तेज झाले, अंग वाळत चाललं आणि भूक मात्र दुपटीने वाढली, तर थायरॉईड बघावं लागतं. पाणी फार प्यायला लागलं तर मूत्रपिंड आणि साखर. रक्त तपासल्याशिवाय यातलं काही कळत नाही. मांजर बोलत नाही. त्याची कातडी बोलते, पण तीही आडून.

मांजराची जीभ ही काय चीज आहे, ते 2018 मध्ये जॉर्जिया टेकच्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी दाखवून दिलं. जिभेवरच्या काट्यांची टोकं पळीसारखी पोकळ असतात. त्यांत लाळ भरून घेऊन ती थेट केसांच्या मुळाशी नेली जाते. म्हणजे धुणं, विंचरणं आणि उन्हाळ्यात अंग गार ठेवणं, सगळं एका अवयवाकडे. तो थकला की ती कामं कुणीतरी करायला हवीत. घरात दुसरं कोण आहे?

म्हणून मऊ ब्रश, बारीक दातांची फणी आणि कोमट पाण्यात पिळलेलं फडकं. रोज थोडंसं. अंघोळ शक्यतो नकोच; तिला त्याचा त्रास जास्त आणि कातडी कोरडी पडते ते वेगळंच. केसांच्या जटा झाल्या असतील तर कात्री लावायची नाही. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, जटेबरोबर वर ओढली जाते आणि कापली जाते. बोटांनी सुटेल तेवढं सोडवावं, बाकीचं मशिनने डॉक्टरांना काढू द्यावं. फणीत काळे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. भोवती तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा, रक्ताची. पिसवांचं औषध मांजरांसाठीचंच हवं. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, आणि ते मांजराच्या जिवावर बेततं.

आपल्याकडे खाज म्हटलं की हात आपसूक घरच्या बाटल्यांकडे जातो. जंतुनाशक, कडुलिंबाचं तेल, फिनेलचं पाणी. हेतू चांगलाच असतो. पण माणसाच्या अंगाला लावलेलं अंगावर राहतं. मांजराच्या अंगाला लावलेलं पोटात जातं. ते चाटून काढल्याशिवाय ती राहणारच नाही. फिनेलसारखी द्रव्यं पचवायची सोय तिच्या यकृतात फारशी नाही. गोल गोल टक्कल पडत असेल तर तो नायटा असू शकतो, आणि तो घरातल्या लेकरांनाही लागतो. तिथे तर अंदाजाने मलम चोपडण्यात अर्थ नाही. पांढऱ्या कानांच्या मांजराला उन्हात बसून कानाच्या टोकावर खपली धरली आणि ती काही केल्या भरत नसेल, तर वाट पाहू नये. तो कर्करोग असू शकतो. लवकर कळला तर कानाचं टोक देऊन मांजर वाचतं.

नखं सगळ्यात शेवटी आठवतात. म्हातारपणी ती जाड होतात, झिजत नाहीत, वळून पंज्याच्या गादीत रुततात. हे बघायचं तर पंजा हातात घेऊन दाबावा लागतो. मनीला पंजा धरलेला कधीच खपायचा नाही. मनगटावर त्याच्या खुणा आहेत. आता ती धरू देते. पोटावर फणी फिरवू देते, शेपटी उचलू देते. तिने परवानगी दिली आहे की विरोधाचाच कंटाळा केला आहे, हे तिचं तिला ठाऊक. मधूनच मान वळवून ती फणीही चाटते, आणि मग तिथेच, त्याच लयीत, माझी बोटं.