मादरी जबान कोणती ‘असते’?

जून महिन्यात शाळेत प्रवेशाची गडबड असते. अशाच एका दिवशी माजिवड्याहून एक भगिनी आपल्या मुलीला पहिलीत घालण्यासाठी आल्या. अर्ज भरताना ‘मातृभाषा’ या रकान्यापाशी आमचा हात थांबला, कारण मायलेकी आपसांत मराठीत बोलत होत्या. आम्ही विचारले, ‘‘आपा, इथे काय लिहू?’’ त्या म्हणाल्या, ‘‘घरी आम्ही मराठीच बोलतो, सर. पण उर्दू लिहा. मुसलमानांची मादरी जबान उर्दूच असते ना?’’ आम्ही उर्दू लिहिले.

ते ‘असते’ पुढे आमच्या डोक्यातून जाईना. मराठीतले हे क्रियापद मोठे फसवे आहे. ‘पावसाळ्यात ओढ्याला पाणी असते’ ही माहिती झाली. ‘मोठ्यांना उलट बोलायचे नसते’ ही मात्र माहितीच्या वेषातली आज्ञा आहे. मुले रोज उलट बोलतात, तरी ते वाक्य खोटे ठरत नाही. काय घडते हे ते सांगतच नाही. काय घडावे एवढेच सांगते. ‘आहे’वरून ‘असावे’वर माणसे न सांगता कशी जाऊन पोहोचतात, याकडे डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४० सालीच बोट दाखवले होते.

आता आपांचे वाक्य आधी माहिती म्हणून तपासू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख होते आणि उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. हे सगळे उर्दूभाषक मुसलमान धरले, तरी दहांतल्या चौघांहून अधिकांची भाषा दुसरीच निघते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. माहिती म्हणून हे वाक्य टिकत नाही. टिकते ते आज्ञा म्हणून: मुसलमान आहात, तर उर्दूच सांगा.

गंमत अशी की हेच वाक्य समोरची माणसेही वापरतात. उर्दू मुसलमानांची, म्हणून ती इथल्या फलकावर नको, असे ते म्हणतात. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीबरोबर उर्दू होती, म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने ती उर्दू कायम ठेवली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असे स्पष्ट केले. वर्णन एकच, तेही चुकीचे; आणि त्यातून दोन परस्परविरुद्ध हुकूम निघाले.

पण आकडे हाती आले म्हणून आपणही घाई करू नये. ‘अनेकांची भाषा उर्दू नाही, म्हणून उर्दू शाळा नकोत’ हीसुद्धा तीच उडी झाली. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे संविधानाचे कलम ३५० अ सांगते. हे उघडपणे मांडलेले ‘असावे’ आहे. त्यावर वाद घालता येतो. मराठी बोलणाऱ्या घरानेही म्हणावे की आम्हांला मुलीला उर्दू शिकवायची आहे. ही इच्छा सन्मानाची आहे. तिने जनगणनेचे कपडे घालण्याची गरज नाही.

आमचीही चूक कबूल केली पाहिजे. मराठी लिहिले तर मुलगी दुसऱ्या शाळेत जाईल, पट कमी होईल, ही भीती आमच्या मनात होती. पट घटला की शिक्षकाचे पद जाते. पुढे अर्जावर विसंबून, हिला घरून उर्दू येते असे धरून आम्ही शिकवत गेलो. ती गप्प बसे. दिवाळीपर्यंत आम्ही तिला मंद समजत होतो. एकदा गणित मराठीत समजावले आणि ती सर्वांच्या आधी बोलली.

आता आम्ही पालकांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारतो. घरात कोणती भाषा बोलता? आणि मुलांनी कोणत्या भाषेत शिकावे असे वाटते? पहिल्याचे उत्तर जसे आहे तसे लिहितो. दुसऱ्यावर बसून बोलतो.