चुकलं तरी बोलायचं

उल्हासनगरच्या बाजारात सिंधी दुकानदार गिऱ्हाइकाशी किती सहज मराठी बोलतो! ही सहजता फुकट आलेली नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत राहिली. १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं. धंद्याची जाण होती, इथली भाषा नव्हती. पण चुकलं तरी बोलायचं. स्पेनच्या कॅनरी बेटांवरही सिंधी व्यापारी पोचले. तिथं स्पॅनिशमध्ये धंदा करू लागले. चुकलं तरी बोलायचं. आपल्या कामात मुरलेल्या माणसाला परक्या भाषेत अडखळणं फार जड जातं. म्हणून चुकत बोलण्याचं हे धैर्य मला मोठं वाटतं. आज कुणी तुमच्याशी मोडकंतोडकं मराठी बोललं, तर लगेच हिंदीकडे वळू नका. त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या.