कचरा दाबावा की द्यावा?

स्वयंपाकघर नव्याने करायला काढलं की सिंकखालच्या जागेवरून घरात चर्चा रंगते. गॅसचं सिलिंडर, पाण्याचा फिल्टर, कांदे-बटाट्यांची जाळी असे जुने हक्कदार असतातच. त्यांत कुणीतरी परदेशातून पाहून आलेलं नवं नाव काढतं: ट्रॅश कॉम्पॅक्टर. डबा भरला की बटण दाबायचं, वरून लोखंडी पाटा खाली येतो आणि तीन-चार पिशव्यांचा ऐवज एका पिशवीत बसतो. पुणेकराला कॉम्पॅक्टर म्हटलं की मागून काळं पाणी गाळत चाललेला ट्रक आठवतो, ही गोष्ट वेगळी.

व्यवहाराचा भाग चटकन संपतो. आपल्याकडच्या घरातल्या कचऱ्यात भाज्यांची देठं, साली, चोथा आणि खरकटं हेच जास्त. ते दाबलं की पाणी सुटतं आणि वास येतो. आकार घटतो, वजन तेवढंच राहतं. पुठ्ठा आणि बाटल्या दाबता येतील, पण पुण्यात त्यांना गिऱ्हाईक आहे. म्हणजे यंत्र नको, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण हे यंत्र हवंसं का वाटतं? कारण त्याने कचरा दिसेनासा होतो. आणि दिसेनासं होणं म्हणजेच शुद्धी का, हा धर्मातला जुना प्रश्न आहे.

पतंजलींच्या योगसूत्रांत शौच आणि अपरिग्रह दोन्ही आहेत. शौच नियमांत, अपरिग्रह यमांत. मराठी घराने शौच मनापासून उचललं. सोवळं-ओवळं, खरकटं-उष्टं, विटाळ यांचे बारीकसारीक कायदे केले. अपरिग्रह मात्र कीर्तनात ऐकायचा विषय राहिला. कॉम्पॅक्टर हे त्या अर्ध्याच उचललेल्या धर्माचं यंत्र आहे. आणताना हात आखडायचा नाही, टाकलेलं तेवढं नजरेआड करायचं.

गंमत अशी, की टाकलेल्या वस्तूकडे आदराने पाहायची रीतही याच घरांत आहे. देवावरून उतरलेलं फूल कचरा होत नाही, निर्माल्य होतं. शिवाचं निर्माल्य ओलांडल्यामुळे पुष्पदंत गंधर्वाची अदृश्य होण्याची शक्ती गेली आणि त्याने शिवमहिम्न स्तोत्र रचलं, अशी कथा आहे. कितीही जागा वाचत असली तरी कालचा झेंडूचा हार डायपरबरोबर चेपायला कुणाचा हात धजणार नाही. गणपती विसर्जनाला घाटावर निर्माल्य वेगळं दिलं जातं. म्हणून वेगळं काढणं पुणेकराला जमत नाही, असं म्हणायला जागा नाही. जमतं, पण जिथे भक्ती असते तिथे.

लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू लागतं, ती लक्ष्मी असते. ती हातात धरणारी बाई पिढ्यान् पिढ्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. हा पेच गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावोगाव मांडला. तुरुंगातही हा पेच उभा राहिला होता. रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितलं आणि ते नाकारलं गेलं, कारण ते काम ठरलेल्या जातीचं. त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबर 1932 मध्ये गांधीजींनी पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात उपवास सुरू केला. तो एक-दोन दिवसांतच सुटला. पण आपली घाण कुणी काढायची, हा प्रश्न उपवास करण्याइतका मोठा मानला गेला होता.

आजच्या पुण्यात त्या प्रश्नाचं उत्तर सकाळी ढकलगाडी घेऊन दारात येतं. 1993 मध्ये कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरा वेचणाऱ्यांची संघटना झाली. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांचं तिला पाठबळ होतं. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था निघाली आणि 2008 पासून महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करू लागली. घराघरातून मिळणारं शुल्क आणि सुका कचरा निवडून भंगारात विकल्याचे पैसे, ही दारात येणाऱ्या कचरावेचक ताईंची कमाई. दुधाची पिशवी, पुठ्ठा, बाटली यांचे तिथे वेगवेगळे भाव असतात.

आता दाबलेली पिशवी अशा एका ताईसमोर ठेवून पाहा. पुठ्ठ्यात आमटी मुरलेली, त्यामुळे तो रद्दीत जाणार नाही. बाटलीच्या पोटात चहाचा चोथा. फुटलेल्या पेल्याचे तुकडे नेमके कुठे रुतले आहेत, ते बाहेरून कळत नाही. ते तिच्या बोटांना कळेल. घरातला कोपरा स्वच्छ दिसावा म्हणून तिची रोजी बुडणार असेल, तर ते शौच नव्हे. असल्या शौचाला मराठीत सोवळं म्हणतात, आणि ते नेहमी दुसऱ्याच्या जिवावर पाळलं जातं.

तिलाही निवडता न आलेलं पुढे कुठे जातं, हे शहराला ठाऊक आहे. वर्षानुवर्षं ते उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर गेलं. गावाच्या नावात देव आणि उशाला पुण्याचा कचरा. विहिरी नासल्याची तक्रार करत गावकऱ्यांनी 2014-15 मध्ये गाड्या अडवल्या, तेव्हा शहरात ठिकठिकाणी ढीग साचले आणि नजरेआड केलेलं पुन्हा नजरेसमोर आलं.

तेव्हा सिंकखाली यंत्र नको. तिथे दोन डबे बसतात, ओल्याचा आणि सुक्याचा. डायपर, पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्यावेत. आत काय आहे ते ताईंना न उघडता कळतं. आणि फुटलेला पेला वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळा, ‘ताई, यात काच आहे’ असं सांगून हातात द्यावा.