देवाच्या जखमांना नेलपॉलिश

लग्नानंतरच्या पहिल्याच उपवासकाळात सासूबाईंनी विचारलं, "लाल नेलपॉलिश आहे का गं तुझ्याकडे?" मला वाटलं, कुणाच्या तरी लग्नाला जायचंय. बाटली दिली. त्यांनी ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि भिंतीवरचा क्रूस काढून त्यावर आडवा ठेवला. हातभर लाकूड, त्यावर प्लास्टरचा येशू. गुडघे, तळवे, बरगडीखालची जखम, जिथं जिथं लाल रंग उडाला होता तिथं त्यांनी एकेक ठिपका दिला. पावलांना तर रंगच उरला नव्हता, घरातल्या सगळ्यांनी मुके घेऊन घेऊन पुसून टाकलेला. मग प्रत्येक ठिपक्यावर फुंकर मारली. रंग वाळावा म्हणून, की दुखू नये म्हणून, मला आजही सांगता येणार नाही.

मी नगरची. अमेरिकन मराठी मिशनच्या वळणात वाढलेली. आमच्या चर्चमध्ये भिंतीवर एक लाकडी क्रूस होता, साधा आणि रिकामा. घरात तर तोही नव्हता, नुसतं कॅलेंडर. पप्पा मिशनच्या शाळेत शिक्षक. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन आम्ही येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवरची प्रवचनं ऐकायचो. दुःख कानांनी ऐकायचं, डोळ्यांनी बघायचं नाही. पप्पांचं म्हणणं सरळ होतं: तो तिसऱ्या दिवशी उठला ना? मग उठलेल्याला पुन्हा खिळून भिंतीवर कशाला टांगायचं? माझ्या सासरच्या, वसईच्या कॅथलिक घरातला तो रक्ताळलेला देह पाहून ते पहिल्या भेटीत चहा घेताना चक्क खुर्ची फिरवून बसले होते.

गंमत अशी की दोन्ही घरांत आज्ञा दहाच, पण मोजणी वेगळी. पप्पांच्या मोजणीत मूर्ती करू नको ही स्वतंत्र दुसरी आज्ञा. कॅथलिक मोजणीत ती पहिलीच्या पोटात जाते आणि शेवटची लोभाची आज्ञा दोन होतात. एवढ्या हिशेबावर युरोपात देवळंच्या देवळं रिकामी झाली; झुरिचमध्ये 1524 साली नगरसभेच्या हुकुमाने चर्चमधल्या मूर्ती उतरवल्या गेल्या.

आमच्या शेजारच्या काकूंचा प्रश्न याहून वेगळा होता. हळदीकुंकवाचं वाण द्यायला आल्या, क्रूसाकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "राग मानू नका, पण आमच्यात खंडित मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत. विसर्जन करतात. तुम्ही तर मुद्दाम खंडित करून ठेवलीय." मला उत्तर सुचलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "आमचा देव खंडितच आहे हो." आणि काकूंना सरबत दिलं.

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की पप्पा आणि काकू एकटे नाहीत. पहिल्या ख्रिस्ती लोकांनाही हे चित्र सोसत नव्हतं. क्रूस म्हणजे गुलामांना आणि बंडखोरांना रोमी सरकार देत असलेली शिक्षा, आपल्याकडच्या फासासारखी. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर भिंतीत खरडलेलं एक चित्र सापडलंय, साधारण इसवी सन 200च्या सुमाराचं. त्यात क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस आहे आणि खाली अलेक्सामेनोस नावाचा कुणी त्याला भजतोय. म्हणजे क्रूसावरच्या देवाचं आज हाती असलेलं जवळजवळ सर्वांत जुनं चित्र भक्ताने काढलेलं नाही, टिंगल करणाऱ्याने काढलेलं आहे. ख्रिस्ती कारागिरांनी उघडपणे हा प्रसंग कोरायला पाचवं शतक उजाडलं. रोमच्या सांता साबिनाच्या लाकडी दारावर, 430च्या सुमारास, तो दिसतो. पण तिथं येशू ताठ उभा आहे, डोळे उघडे, वेदनेचा मागमूस नाही. मान टाकलेला, पोट सुटलेला, खरोखर मेलेला देह मोठ्या आकारात लाकडात यायला आणखी पाचशे वर्षं गेली. कोलोन शहरातला गेरोचा क्रूस 970च्या आसपासचा. म्हणजे लाज आधीची आणि जखम नंतरची.

मुलाच्या नोकरीमुळे आम्ही दोन महिने बाझेलला राहिलो. तिथल्या म्युझियममध्ये हान्स होल्बाइनचं 1521-22चं चित्र आहे: थडग्यातला मेलेला ख्रिस्त. दोन मीटर लांब, उंची जेमतेम फूटभर. उघडं तोंड, काळे-निळे पडलेले हातपाय. 1867 साली दोस्तोयेव्हस्की त्याच्यासमोर असा खिळून उभा राहिला की बायकोने त्याला बाजूला नेलं. नंतर त्याने 'इडियट' या कादंबरीत एका पात्राकडून वदवलं की या चित्रापुढे माणसाची श्रद्धाही जाईल. मी पाहिलं आणि मला पप्पांची फिरवलेली खुर्ची आठवली. त्या फळीत देव कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आगगाडीने कोलमारला गेलो, ग्रुनेवाल्डची इझेनहाइमची वेदी बघायला. हे 1512 ते 1516मधलं काम. इथला येशू त्याहून भयंकर: बोटं आकडी आल्यासारखी वर ताठलेली, क्रूसाची आडवी काठी वजनाने वाकलेली आणि अंगभर हिरवट फोड. मी मागे सरकले. मग कळलं की हे चित्र अँटोनाइट मठाच्या रुग्णालयासाठी काढलेलं. राय धान्याला बुरशी लागायची, त्याची भाकरी खाऊन गरिबांच्या अंगाची आग व्हायची, कातडी सडायची, हातपाय झडायचे. त्या रोग्यांची या वेदीपुढे ने-आण व्हायची. चित्रकाराने देवाला त्यांचाच रोग दिला होता. उभ्या असलेल्या मला ते किळसवाणं वाटलं. झोळीत आडवं पडलेल्याला तो आपल्या वॉर्डातला वाटला असेल.

तेव्हापासून मला आदर-अनादराचा प्रश्न चित्रात किती रक्त आहे यावरून सुटतो असं वाटत नाही. बघावं ते हे, की चित्र कोण, कुणासमोर, कशासाठी उभं करतं. पणजीच्या फोंतेन्यसमध्ये सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपेल आहे. तिथला मोठा क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. इन्क्विझिशन 1812 साली बंद झालं, आणि 1918 साली तो या चॅपेलमध्ये आला. त्यावरच्या येशूची मान खाली नाही, ताठ आहे. डोळे उघडे. आरोपीला धाक बसावा म्हणून तसं केलं, असं गोव्यात सांगतात. रक्त पाहिलं तर तो कोलमारच्या मानाने कितीतरी सोवळा. पण ज्याचा स्वतःचा खटला खोटा चालला त्यालाच दुसऱ्यांच्या खटल्यात न्यायाधीशाच्या बाजूला उभं केलं. देवाचा याहून मोठा अपमान मला माहीत नाही.

असा अपमान घरातही होतो. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या एका बाईला वडीलधाऱ्यांनी भिंतीवरचा क्रूस दाखवून "त्याने सोसलं, तूही सोस" म्हटलेलं मी स्वतः ऐकलंय. मीही तेव्हा गप्प बसले. त्याला मारणाऱ्यांनी मारलं, हे त्या भिंतीकडे बघून कुणालाच आठवलं नाही.

शेवटच्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. पाठीला जखमा झाल्या. मी रोज ड्रेसिंग करायची, दर दोन तासांनी कुशीवर वळवायची. त्यांनी क्रूस पायथ्याच्या भिंतीवर लावून घेतला, डोळे उघडताच दिसावा म्हणून. एकदा पहाटे वळवताना म्हणाल्या, "मला निदान तू वळवतेस. त्या बिचाऱ्याला कोण वळवणार?"

देवाला बिचारा म्हणणं पप्पांना चाललं नसतं. मला मात्र त्या क्षणी, आयुष्यात पहिल्यांदा, तो खोलीत असल्यासारखा वाटला.

क्रूस आता माझ्याकडे आहे. यंदा उपवासकाळ सुरू झाला तेव्हा पाहिलं, गुडघ्यांचा रंग गेलाय. मी नेलपॉलिश लावणं कधीच सोडलंय, म्हणून दुकानात गेले. "लाल? मॅट की ग्लॉसी?" मुलीने विचारलं.

मी थोडा विचार केला. "ग्लॉसी दे," म्हटलं. "ओलं दिसायला हवं."